उबेची जागा

टीव्हीवरचा पांढऱ्या कोटातला डॉक्टर सांगत होता की जवाच्या कोंबांची पूड रक्तातली साखर विरघळवून टाकते. साखर जशी काही रक्तात नाही, कॉफीतच पडलीय. दाल्सूने मान डोलावली आणि चमचाभर हिरवी पूड पाण्यात ढवळली.

त्याची बायको ओकबुन समोर बसून लसूण सोलत होती. नवऱ्याच्या मधुमेहाच्या गोळ्या तांदळाच्या डब्यावर महिनाभर तशाच पडून होत्या. सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. आज तिने नुसता रिमोट उचलला आणि पुढचं चॅनल लावलं. तिथे एक नटवी तीच पूड विकत होती. तोच डबा, तोच हिरवा रंग.

"बघितलंत? तो तिकडे गुण गातो आणि त्याच घटकेला ही इकडे दुकान मांडते."

"म्हणजे खरंच असणार," दाल्सू म्हणाला. "दोन-दोन ठिकाणी सांगतायत."

मासळीबाजारात हाच माणूस कल्ले उचलून बघितल्याशिवाय बांगडा घेत नसे. डब्याला कल्ले नसतात, त्याला तो काय करणार.

वर त्याच्याकडे पुरावाही होता. आधी रात्रभर पायांना मुंग्या यायच्या, तळवे जळायचे. पूड सुरू केली आणि सगळं थांबलं. गोळ्यांनी कधी थांबलं होतं का, असं तिलाच विचारून त्याने फोन उचलला आणि आणखी दोन डबे मागवायला लागला.

बसला होता घरधन्याच्या जागी, जमिनीखालून आच देऊन तापवलेल्या खोलीत जिथे ऊब सगळ्यात जास्त लागते तिथे. पायांवर गोधडी. गोधडीवर उडालेली लसणाची सालं वेचताना ओकबुनचा हात जमिनीला लागला आणि चटकन मागे आला. तव्यासारखी तापली होती.

तिने गोधडी उचलली. सकाळपासून जमिनीवर टेकलेल्या टाचेला सुपारीएवढा फोड आला होता. फुटलाही होता. खाली जमिनीभर चिकटवलेला पिवळा कागद तिथे ओला झाला होता.

"अहो."

"थांब गं. ती पोरगी विचारतेय, गुण आला का."

ओकबुनने टाचेत नख रुतवलं. चांगलं खोल.

दाल्सू फोनमध्ये हसला. "गुण? अगं पोरी, पाय आहेत की नाहीत तेसुद्धा कळत नाही."