लाल बादली

तळ्याच्या किनाऱ्यावर आम्ही दोन गाड्यांनी गेलो, एक मुलाची आणि एक लेकीची. कोणालाच वाईट वाटायला नको म्हणून मी प्रत्येक थांब्यावर गाडी बदलत होतो. बापाला एवढं राजकारण जमावंच लागतं.

दिवसभर सगळे वाळूच्या टेकड्यांवरून घसरत खेळले. निघायच्या वेळी नातीची लाल बादली सापडेना आणि तिनं भोकाड पसरलं. "तुम्ही सामान भरा, मी बघून येतो," म्हणत मी टेकडीपलीकडे गेलो. बादली पाण्याकाठी सापडली. धापा टाकत परत आलो, तर दोन्ही गाड्या निघून गेलेल्या.

आधी हसूच आलं. खिशात फोन होता, पण आपण होऊन करायचा नाही असं ठरवलं. बघू तरी, दोघांपैकी आधी कोणाच्या लक्षात येतंय. बादली मांडीवर घेऊन वाळूत बसून राहिलो.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा फोन वाजला. मुलाचा होता. माझा ऊर भरून आला.

"बाबा, बादली सापडली का हो?"

"सापडली रे."



"सुटलो बुवा! मग ताईला म्हणावं, गाडी जरा बाजूला घे. आम्ही येऊन बादली घेऊन जातो."