रुख्मिणीच्या अंगणातला चुना

बेबीबाईनं मेलेली कोंबडी तुराट्यांच्या कुंपणावरून रुख्मिणीच्या अंगणात फेकली आणि कान टवकारले. भोंगा अजून गावाच्या खालच्या टोकालाच ओरडत होता. "बर्ड फ्लू हाय! मेल्या कोंबडीले उघड्या हातानं शिवू नका! उकिरड्यावर फेकू नका! मले सांगा!" म्हणजे रुख्मिणी अजून तिकडंच होती. फत्ते.

केनवडात कोंबडीचा विषय निघाला की आजवर बेबीबाईचंच नाव निघायचं. तिचा कोंबडा आरवल्याशिवाय रिसोडची पहिली एसटी सुटत नसे, असं ती सांगायची, आणि ड्रायव्हरनंही कधी नाही म्हटलं नाही. कोंबडी कोणाची ते ती नुसत्या पिसावरून सांगायची. कोंबडीनं मान टाकली की बाया हळद-लसणाचं औषध विचारायला तिच्याच दारी यायच्या.

मग शेजारची रुख्मिणी पशुसखी झाली, म्हणजे गावातल्या गुराकोंबड्यांची काळजी घेणारी सरकारी ताई. खांद्याला निळी पिशवी आली, गळ्यात ओळखपत्र आलं, हातात भोंगा आला. बाया तिच्या दारी वळल्या. तेव्हापासून बेबीबाईच्या पोटात जे दुखायला लागलं, ते कुठल्याच हळदीनं थांबेना.

त्यात ही साथ आली. परवा ग्रामपंचायतीपुढं सगळ्या गावादेखत रुख्मिणी म्हणाली होती, "बाकी गावाचं मले ठाऊक नाई. पण माह्या अंगणात एक जरी कोंबडी मेली सापडली, त ही पिशवी खांद्यावरून उतरवीन!"

बेबीबाईनं ते वाक्य पदरात बांधून घरी आणलं.

आणि आज सकाळी तिची कवडी मेली. कवडी म्हणजे घरातली सगळ्यात लाडकी, ठिपक्याठिपक्यांची कोंबडी. बेबीबाईचे डोळे भरून आले. एरवी तिनं तिला गुपचूप उकिरड्यात पुरलं असतं. साथ आपल्या घरातून निघाली असं कोण कबूल करणार? मग सरकारी माणसं उरलेल्या एकवीसही मारून नेतात म्हणे. पण डोळे पुसता पुसता तिला ती निळी पिशवी आठवली, आणि रडू जागच्या जागी थांबलं.

तिनं नाकाला पदर गुंडाळला. दोन्ही हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. रुख्मिणीचं काही ऐकायचं नाही असा तिचा पण होता, पण भोंगा आठवडाभर कानीकपाळी ओरडत होता. कवडीच्या पायातली आपल्या घरची हिरवी चिंधी तिनं सोडली आणि रुख्मिणीच्या कोंबड्यांना असते तशी लाल बांधली. तुराट्यांच्या फटीतून डोकावली, तर पलीकडं जमिनीवर जंतू मरावेत म्हणून टाकलेला पांढराशुभ्र चुना. एकही कोंबडी मोकळी नाही. सगळ्या डाल्याखाली झाकलेल्या.

"नखरे पा! जशा काय हळदीच्या नवऱ्याच कोंडून ठेवल्या," असं पुटपुटून तिनं कवडी भिरकावली होती. मग साबणानं दोनदा हात धुतले. सांगितलं होतं तसेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्मिणीच्या दारी ही गर्दी. जनावरांचे डॉक्टर आले होते. बेबीबाई तमाशा बघायला सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली, आणि तिचा वासलेला आ तसाच राहिला.

चुन्यावर पाच कोंबड्या पडल्या होत्या. पाचींच्याही पायात लाल चिंधी.

"पाचही तुमच्या का हो, ताई?" डॉक्टरांनी विचारलं.

"माह्या बाराच्या बारा डाल्याखाली जित्या हायेत, साहेब. ह्या पाहुण्या हायेत."

"मग कोणाच्या? घरं कळल्याशिवाय पुढचं काम कसं करायचं?"

सगळ्या गर्दीला एकदम आपापल्या पायाचे अंगठे दिसायला लागले. रुख्मिणीनं हलकेच म्हटलं, "आता हे मले कुठून कळनार बापा? पिसं वळखनारी गावात एकच हाय."

बेबीबाईला राहवेना. मेलं, एवढंसुद्धा येत नाही हिला!

"ते भुरी चंदाची," ती तिथूनच बोट दाखवत म्हणाली. "काळी निताची. मोडक्या तुऱ्याची रूपाची. आन् ते बिनशेपटीची मारोतरावच्या घरची."

"आणि ही ठिपक्यांची?"

बेबीबाईचं बोट खाली आलं. कवडीचं पीस वाऱ्यानं हललं.

"माह्यी," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पाचही घरं लिहून घेतली. रुख्मिणी म्हणाली, "हप्ताभर घसा फोडला, साहेब. एका घरानं मेली कोंबडी दाखवली नाई. मंग म्या ते शपथ घेतली, म्हनलं आता माह्याच अंगणात आपसूक येऊन पडतीन, आन् घरी येऊन आधी चुना टाकला." मग तिनं निळी पिशवी खांद्यावरून उतरवली आणि बेबीबाईच्या खांद्याला अडकवली. "शपथ ते शपथ. चाल वं बाई, घरं लय हायेत. माह्यानं एकटीनं व्हनार नाई."

नमुने तपासणीला गेले. दुपारी भोंगा बेबीबाईच्या हातात होता. चंदा, निता, रूपा आणि मारोतरावची बायको आपापल्या दारातून तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडं बघत होत्या. ती नजर बेबीबाईनं पिसासारखी लांबूनच ओळखली; कालपर्यंत ती तिचीच होती.

ती मागं फिरली, घरी गेली, आणि आधी आपल्या अंगणात चुना टाकून आली.