पोटातला दिवा

एक बटन सेल कमी होता.

मुलांना विज्ञानाचे प्रयोग शिकवायला बोलावलेल्या प्रयोगताईंनी सेलची डबी पालथी केली, सतरंजी झटकली, चिकटपट्टीच्या रिळाखाली पाहिलं. वाढदिवसाला जमलेली मुलं पुठ्ठ्याचे काजवे हातात धरून हॉलभर पळत होती. प्रत्येक काजव्याच्या पोटाशी एक सेल, सेलला इवलासा दिवा, वरून चिकटपट्टी घट्ट गुंडाळलेली. एकूणएक काजवा ताईंनी स्वतः तपासून दिला होता. फक्त मधे एका मुलाच्या बोटाला कात्री लागली, आणि त्या उठल्या. डबी तेवढा वेळ उघडी राहिली.

"पडला असेल सोफ्याखाली," बिट्टीची आई म्हणाली. ती केकवर मेणबत्त्या खोचत होती. "झाडताना सापडेल. एवढं काय त्यात?"

"कुणी गिळला असेल तर आतून भाजत जातो तो. कुणालाही घरी सोडू नका."

मेणबत्ती आईच्या हातातच राहिली.

बिट्टीचे बाबा हे ऐकून आतल्या खोलीतून तरातरा आले. त्यांनी गाणी बंद केली.

"सेल कुणी घेतलाय? मुकाट्यानं सांगा. नाहीतर एकेकाला धरून बघतो!"

पळणारे पाय जागच्या जागी थिजले. एक मुलगी मुसमुसायला लागली. बाकी सगळी अळीमिळी गुपचिळी. जिचा वाढदिवस होता ती बिट्टी पडद्यात अर्धी गुंडाळून उभी होती.

"ऐकू येत नाही का? कोण आहे तो?"

"दादा," प्रयोगताई म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

"माझ्या घरातून मीच बाहेर?"

"हो. आणि आत्ता."

आजी तोंडावर हात ठेवून बघत राहिली. बाबांनी एकदा बायकोकडे पाहिलं. दार धाडकन आपटून ते गेले.

प्रयोगताई सतरंजीवर बसल्या. आवाज हलू द्यायचा नव्हता. "कुणाला रागवायचं नाहीये," त्या म्हणाल्या. कुणीच हलेना. त्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. कोण थुंकी गिळतंय, कोण घशाला हात लावतंय. सगळीच मुलं घाबरलेली, आणि घाबरलेली मुलं सारखीच दिसतात.

पडदा हलला. बिट्टी चालत पुढे आली. तिच्या मुठीत एक सुटा दिवा होता. तिनं फ्रॉक वर केला आणि दिव्याच्या दोन्ही तारा बेंबीवर दाबून धरल्या.

"ताई, हा लागतच नाहीये."

"का गं, काय झालं?"

"तुम्ही म्हणालात ना, खऱ्या काजव्याच्या पोटातच दिवा असतो. म्हणून मी सेल आत टाकला. तरी लागत नाही." तिनं गळ्याखाली बोट ठेवलं. "आणि इथे दुखतंय."

वाक्य प्रयोगताईंचंच होतं. किती रंगवून सांगितलं होतं त्यांनी!

"विचारलंस ते फार बरं केलंस," त्या म्हणाल्या. "चल, डॉक्टरांना दाखवू."

आजी लगबगीनं मिठाच्या पाण्याचा पेला घेऊन आली. "हे पाजा आधी. भडाभडा उलटी होईल, येईल बाहेर."

"नको आजी! येताना पुन्हा भाजेल. काहीच देऊ नका तिला."

शेजारीण मुलांपाशी थांबली. गाडी बाबा चालवत होते. बिट्टीची लाळ आईच्या खांद्यावर गळत होती. "गिळता येत नाही," ती एकदा म्हणाली. त्यानंतर बाबांनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

एक्स-रे झाला. बिट्टीला आत नेलं. दार बंद झालं.

"तुम्हाला सोडणार नाही मी," बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "सांगून ठेवतोय."

"नका सोडू. डबी मीच उघडी टाकली होती."

बाबा येरझारा घालत राहिले. प्रयोगताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बाकावर बसायचा धीर त्यांना झाला नाही.

डॉक्टर मास्क खाली ओढत बाहेर आल्या. "निघाला सेल. अन्ननलिकेला थोडं भाजलंय, काही दिवस इथेच राहू दे. अजून उशीर केला असतात तर..." त्यांनी नुसती मान हलवली. आई त्यांच्या बाजूनं आत धावली.

बाबा बाकावर बसले. त्यांनी विचारलं, "तिच्याकडून हे वदवून कसं घेतलंत तुम्ही?"

"वदवून नाही घेतलं. तिलाच विचारायचं होतं. वाट बघत होती."

"कशाची?"

"तुमचं ओरडणं थांबायची."

बाबा उठले आणि बिट्टीच्या खोलीच्या दाराशी गेले. काचेतून पलंग दिसत होता. बिट्टीचे डोळे किलकिले झाले होते, आई तिच्यावर वाकली होती. बाबांनी कडीला हात घातला आणि मागे घेतला. रुमालानं तोंड खसाखसा पुसलं, केसांवरून हात फिरवला, काचेतल्या स्वतःकडे पाहिलं.

"मी चिडलेला दिसतो का?"

"थोडे."

त्यांनी कपाळ चोळलं, खांदे सैल सोडले.

"आता?"