झडपेचा डाव

“जोडी दिसली की हात मारायचा. विचार करत बसलात की गेली,” सुकन्या म्हणाली आणि तिनं पोह्यांच्या ताटल्या बाजूला सारून सोंगट्या टीपॉयवर पालथ्या मांडल्या.

वडिलांच्या प्लायवूडच्या दुकानातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून तिनंच त्या चौकोनी कापल्या होत्या. बैल, किटली, पोपट, कंदील, अशी चित्रं. प्रत्येक चित्र दोनदा. ज्याची पाळी त्यानं एक सोंगटी उलटायची. उघड्यांमध्ये दोन सारखी चित्रं आली की ज्याचा हात आधी पडेल त्याची जोडी. हात भलतीकडे पडला तर जिंकलेली एक जोडी परत. खेळाचं नाव झडप.

बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर पोरीनं खेळ मांडून बसावं, ही रीत लातुरात काय, कुठंच नव्हती. तिच्या वडिलांना, रामलिंगअप्पांना, आधी लाज वाटायची. आता ते काही बोलत नसत. थोरलीला त्यांनीच दिलं होतं, पोरगा किती मऊ बोलतो म्हणून. लग्नानंतर भाजीत मीठ कमी पडलं की त्याच मऊ पोराचं ताट भिंतीवर जायचं. थोरली आता माहेरीच होती. पाहुणे आले की आतल्या खोलीचं दार लोटून बसायची.

सुकन्यानं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. पोहे खाताना सगळीच देवमाणसं. वरून कीर्तन, आतून तमाशा. माणूस बघायचा तर हरताना बघावा. झडपेत सोंग घ्यायला वेळच मिळत नाही. उदगीरच्या इंजिनिअरनं हरायला लागल्यावर तिचं मनगटच दाबून धरलं होतं. नांदेडच्या मास्तरानं पुढं चहासुद्धा घेतला नाही. दोघांनाही तिनं नको म्हटलं, आणि दोन्ही वेळेला मध्यस्थ माणिकप्पा कपाळाला हात लावून उठले.

आजही माणिकप्पाच कोपऱ्यातल्या खुर्चीत सुपारी कातरत बसले होते. “जळकोटचं घर हाय मालक,” ते आल्या आल्या म्हणाले होते. “घरचं रान, पोराचं स्वतःचं बी-बियाण्याचं दुकान. ह्यालाबी न्हाई म्हणलं तर माझी पिशवी रिकामी.”

पोराचं नाव रुद्रेश. वडील शेषेराव शेजारी बसून कोणी काही विचारलं की आधी पोराकडं बघायचे आणि मग बोलायचे. आई लक्ष्मीबाई पदर कपाळावर ओढून बसल्या होत्या.

“मावशी, तुम्ही पण या ना खेळायला,” सुकन्या म्हणाली.

“नको माय. मला नको. मी आपली बघते.”

डाव सुरू झाला. बैलांची जोडी अगदी रुद्रेशच्या नाकासमोर उघडी पडली. त्याची बोटं हलली, थांबली, तोवर सुकन्याचा हात पडलाही.

“घ्या! आमच्याच दावणीचे बैल सोडून न्या,” तो हसत म्हणाला.

पोपट गेले, किटल्या गेल्या. हा गडी आपला शांत. सुकन्याला वाटलं, हात जड दिसतो ह्याचा. तेवढ्यात अप्पांचं कोपर लागून चहाचा कप टीपॉयवरून सुटला आणि रुद्रेशनं तो वरच्या वर झेलला. थेंब सांडला नाही. त्याचा हात जसा झपकन आला तशा लक्ष्मीबाई दचकून मागं सरकल्या. नव्या लुगड्याला जपतायत बिचाऱ्या, असं वाटून सुकन्याला हसू आलं.

शेवटी तिनं लबाडी केली. कंदिलाच्या जोडीवर रुद्रेशचा हात आधी पडला होता, आंधळ्यालाही दिसलं असतं.

“माझी,” ती म्हणाली आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिली.

रुद्रेशनं क्षणभर सोंगट्यांकडं पाहिलं. मग दोन्ही तिच्याकडं सरकवल्या. “तुमचीच. माझा हात जरा मागंच होता.”

बरीच वर्षं छातीत धरून ठेवलेला श्वास सुटावा तसं तिला झालं. कप उचलायच्या निमित्तानं ती आत गेली.

“कसा हाय गं?” थोरलीनं दाराआडून विचारलं.

“हरला ताई. आणि हसला.”

“खरंच हसला?”

“मी चक्क लबाडी केली. तरी हसला.”

थोरलीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. तिला रडू आवरेना. “मग हो म्हण. डोळे झाकून हो म्हण,” ती म्हणाली.

सुकन्या हो म्हणाली. अप्पांनी पाहुण्यांना शब्द दिला, साखर वाटली गेली. माणिकप्पांनी चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि मांडीवर थाप मारली. “मी म्हणलं व्हतं न्हाई मालक? लाखात एक हाय पोरगं!” शेषेरावांनी तेवढ्यापुरतं हसून घेतलं. रुद्रेश सोंगट्या गोळा करून डब्यात नीट रचून ठेवत होता. सुकन्यानं ते पाहिलं आणि तिला मनातून फार बरं वाटलं.

जाताना सुकन्या कुंकवाचा करंडा घेऊन लक्ष्मीबाईंसमोर वाकली. पदर फारच खाली होता, म्हणून तिनं तो बोटानं जरासा वर केला. भुवईच्या वर ताजे टाके होते. भोवतीचं कातडं अजून काळंनिळं होतं.

“मावशी, हे काय लागलं?”

लक्ष्मीबाईंनी घाईघाईनं पदर ओढला आणि हसून तिच्या गालावरून हात फिरवला. “काई न्हाई गं माय. माणिकप्पानं तुह्या खेळाचं समदं आधीच सांगितलं व्हतं. त्यो घरी हरायचं शिकत व्हता, अन् परवा मी जिंकले.”