एकशे वीस फूट केबल

"मॅडम विचारतील, गुन्हा कबूल आहे का. तुम्ही फक्त हो म्हणायचं," किशोर वकील म्हणाला. "दुसरं काही बोलायचं नाही."

काळू कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. त्याचं मनगट हवालदाराच्या हातात होतं. समोर भागीबाई, त्याची बायको. पहाटेच्या एसटीने सुरगाण्याहून निघाली होती. मागच्या सहा तारखांनाही ती अशीच आली होती, पण काळूला जेलमधून आणलंच नव्हतं. सिंहस्थाचा बंदोबस्त लागला आणि कैद्यांबरोबर पाठवायला पोलीस उरले नाहीत. दर वेळी पुकारा व्हायचा, आरोपी गैरहजर असं लिहिलं जायचं, आणि ती संध्याकाळची गाडी धरायची.

"पण मी चोरली नाय ना," काळू म्हणाला.

"मला माहीत आहे."

"मंग?"

किशोर सरकारकडून फुकट मिळालेला वकील होता, पण मन लावून काम करणारा होता. "हे बघा काळूभाऊ. मळेवाल्याच्या विहिरीवरची केबल गेली. मळ्यावर बाहेरचे मजूर तुम्हीच, म्हणून तुम्हाला धरलं. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळाला नाही. अडीच वर्षं झाली. एवढ्या चोरीला सहा-आठ महिन्यांच्या वर शिक्षा लागत नाही. कबूल केलंत तर भोगली तेवढी पुरे म्हणून मॅडम आजच सोडतील. नाही म्हणालात तर केस चालेल. साक्षीदार कधी येतील, मी सांगू शकत नाही."

काळूने बायकोकडे पाहिलं.

"हो म्हण," भागीबाई म्हणाली. "पाड्यावर समद्यांना ठावं हाय तू कसा हाय ते." मग जरा थांबून म्हणाली, "धाकटी तुला इसरली."

पुकारा झाला.

न्यायाधीश मॅडमनी दोषारोप वाचून दाखवला. द्राक्षमळ्यातल्या विहिरीवरून एकशे वीस फूट केबल चोरली. "गुन्हा कबूल आहे का?"

"हो."

किशोरने श्वास सोडला. मॅडमनी पेन उचललं, आणि परत खाली ठेवलं.

"कोणी दबाव आणलाय का? वकिलांनी सांगितलं म्हणून म्हणताय?"

"नाय."

"मग काय काय केलंत ते तुमच्या शब्दांत सांगा."

हे किशोरच्या डोक्यात नव्हतं. एवढं कोणी विचारत नसे.

"केबल चोरली," काळू म्हणाला.

"कशी?"

"हातानं."

"हाताने तुटते का केबल?"

काळूने विचार केला. त्या मळ्यात त्याने तीन हंगाम घड विरळले होते, पण मोटारीच्या खोलीत त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. "इळ्यानं कापली."

"वीज चालू होती की बंद?"

"चालू आसंल."

मागे कोणीतरी हसलं.

"मग शॉक बसला नाही?"

"बसला आसंल, बाई."

"आणि विकली कुठे?"

त्याने किशोरकडे पाहिलं. किशोर टेबलाकडे बघत होता.

"तुम्ही सांगाल तिथं विकली," काळू म्हणाला. "पण विकली मीच."

मॅडमनी चष्मा काढला.

"वकीलसाहेब, ही कबुली मला घेता येणार नाही."

"मॅडम, माणूस अडीच वर्षं आत आहे."

"म्हणून न केलेल्या चोरीची शिक्षा माझ्या सहीने देऊ?"

"मग जामीनदाराशिवाय, जातमुचलक्यावर तरी सोडा."

सरकारी वकील जागेवरून अर्धवट उठले. "हरकत आहे. आरोपी बाहेरगावचा आहे. डोंगरात गेला की सापडायचा नाही."

मॅडमनी थोडा वेळ कागद चाळले. "साक्षीदारांना समन्स काढा. पंधरा डिसेंबर." काळूकडे बघून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चार महिने आहेत, पण यापेक्षा जवळची तारीख माझ्याकडे नाही."

भागीबाई दाराशीच उभी होती. "सोडलं?"

"मॅडमना पटलंय की यांनी चोरी केली नाही," किशोर म्हणाला.

"मंग सोडलं ना?"

"नाही. पटलं म्हणूनच सोडता येत नाही."

भागीबाई बाहेर उभ्या पोलीस गाडीकडे निघाली. किशोर तिथेच घुटमळला, मग दुसऱ्या केसचा पुकारा झाला तसा आत गेला.

हवालदाराने काळूला गाडीत चढवलं. आत आठ-दहा कैदी बसले होते. काळू रिकाम्या जागा सोडून पुढे गेला आणि निवृत्तीच्या शेजारी बसला. निवृत्ती सायखेड्याकडचा होता. केबलचोरीत त्याची ही चौथी खेप होती.

भागीबाई गाडीच्या जाळीशी येऊन उभी राहिली. काळूने तिच्याकडे पाहिलं, पण बोलला तो निवृत्तीशी.

"निवृत्ती, केबल कशी काढत्यात?"

निवृत्ती हसला. "का रे? आता या वयात धंद्याला लागतो का?"

"तू सांग. पयल्यापासून सांग."

त्याचा चेहरा बघून निवृत्तीचं हसू ओसरलं. तो सरकून जवळ बसला. "आधी पेटीतला फ्यूज काढायचा," तो म्हणाला.

गाडी सुरू झाली. भागीबाई जाळीला हात लावून दोन पावलं चालली.

"आधी फ्यूज काढायचा," काळू आत घोकत होता. "मंग?"