टाळी

नव्या स्पीकरचा आवाज खोलीत घुमतो म्हणून किशोरनं अंजनगावाहून सरकी काढलेला कापूस आणला. लेकीचा पाळणा पायानं हलवत दामिनीनं त्याच्या गाद्या शिवल्या. भिंतींसाठी तीन, आणि शेजारच्या शालूमावशीच्या घरात उघडणाऱ्या, पण कायम बंद असलेल्या दारासाठी एक.

किशोरनं त्या खिळ्यांनी ठोकल्या. स्पीकर बोटभर इकडं, बोटभर तिकडं सरकवून पाहिले. मग गाणं थांबवून म्हणाला, "वाजव टाळी."

तिनं वाजवली. टाळी जागच्या जागी विरली.

"वा! कशी जिरली, पाह्य!" खुशीत हसत त्यानं पुढच्या दाराला कडी घातली आणि फिरून तिच्या थोबाडीत ठेवून दिली. तो आवाजही तसाच जिरला.

"मागच्या बारीले मावशी धावत आली होती ना वं? आता बोंबल पोटभर."

कमरेत लाथ बसली तशी दामिनी त्या बंद दाराशी कोसळली. केस धरून त्यानं तिचं डोकं गादीवर आपटलं. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "मावशी वं!"

लगेच पलीकडून दारावर धपाधप थापा पडल्या. "किशोऱ्या, सोड तिले! दार तोडतो आता आमी!"

किशोरचा हात तिच्या केसांतच थिजला. मग त्यानं ती गादी टराटरा फाडली. आत स्पीकरच्या खोक्याचे पुठ्ठे होते.

त्या गादीतला कापूस पाळण्यात होता, झोपलेल्या लेकीच्या अंगाखाली.