कमलाकरांचा वाचनमास

निवृत्तीनंतरचा पहिला महिना वाचनाला वाहायचा, हा कमलाकरांचा भीष्मसंकल्प होता. आठवड्याला एक जाडजूड कादंबरी. गावातल्या इलाइट चौराह्यावरच्या डॉक्टरांनी त्याच सुमारास दोन्ही डोळ्यांचे पडदे गेल्याचं सांगितलं. मग मुलगा निशांत वाचून दाखवू लागला. कमलाकरांनी त्याचे दोन उच्चार सुधारले, तेव्हा “मग तुम्हीच वाचा” म्हणून तो पुस्तक आपटून गेला. उरली सून प्रिया, माहेर हिंदी मुलखातल्या मऊरानीपूरचं. तिला अक्षरं वाचता यायची, मराठी कळायची नाही. पण रोज चहानंतर ती मनापासून वाचायची. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पहिलंच प्रकरण काढलं. कमलाकरांनी तोंड उघडलं, निशांत आठवला आणि मिटलं. तिसऱ्या दिवशीही तेच. “पापाजी, कहानी अच्छी चल रही है ना?” “बहुत बढ़िया, बेटा.” “आगे क्या होगा?” “पता नहीं.” महिनाअखेर कमलाकरांना पहिलं प्रकरण तोंडपाठ झालं होतं.